बंद खदानीखालचा नाला : पाणी कसं तपासायचं, कुणाला दाखवायचं

माझी पहिली तपासणी साफ चुकली होती, तिथूनच सुरुवात करते. नाल्याचं पाणी मी लिंबाच्या कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत भरून आणलं. बाटली एकदा विसळली होती, तेवढं पुरे असं वाटलं. घरी पाणी तपासायच्या किटमधले थेंब टाकले तर रंग थेट नारिंगी-लाल, पीएच पाचाच्याही खाली. (पीएच सात म्हणजे साधं पाणी, त्याच्या खाली गेला की आम्ल.) मी तशीच ग्रामसभेत उभी राहिली आणि नाल्यात तेजाब वाहून राहिलं म्हणून सांगितलं. आठ दिवसांनी पाणी तपासायला सरकारी साहेब आले. सगळ्या गावासमोर त्यांनी पीएच काढला : साडेसात. मग माझ्याकडे वळून विचारलं, "बाई, बाटली कशाची होती?"

पोट्टे अजून चिडवतात त्यावरून. पण पाणी खराबच होतं. मी चुकीच्या बाटलीत चुकीची गोष्ट शोधत होती, एवढंच. हे लिहून राहिली ते तुमच्या गावात कुणाची अशी फजिती होऊ नये म्हणून.

आमचं गाव भद्रावती तालुक्यात. जुनी माणसं अजून भांदकच म्हणतात. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच बायांना पाणी तपासायचं शिकवलं, त्या पाचांतली मी एक. तीन एकर वावर आहे, त्याच्या धुऱ्याला लागून नाला, आणि नाल्याच्या वरच्या अंगाला बंद पडलेली ओपन कास्ट, म्हणजे वरून उघडी खोदलेली, कोळशाची खदान. कोळसा संपला, मशिनी गेल्या, मागे राहिला पाण्यानं भरलेला खड्डा आणि मातीचे डोंगर. त्या डोंगरांवर आता वेडी बाभूळ माजली आहे.

खदान बंद होणं आपल्याकडे नवं नाही. शेजारच्या वरोऱ्याची सरकारी खदान १९०६ मध्येच बंद झाली होती. लोकांना वाटते की खदान थांबली म्हणजे त्रास थांबला. खरं तर पाण्याची गोष्ट तिथून पुढे सुरू होते. चालू खदानीत पंप रात्रंदिवस पाणी उपसत असतात. पंप बंद झाला की भुईतलं पाणी हळूहळू वर चढते. महिने लागतात, कधी वर्षं. मग जिथे काठ खालचा असेल, जुन्या इनक्लाइनचं, म्हणजे जमिनीखाली उतरत जाणाऱ्या बोगद्याचं, तोंड असेल किंवा भेग असेल, तिथून ते आपली वाट काढते.

हे पाणी बिघडते कशानं? कोळशात आणि त्याच्या भोवतीच्या काळ्या दगडात बारीक पिवळे चमकणारे ठिपके असतात. आमचे पोट्टे त्याला सोनं म्हणत खिशात भरायचे. ते पायराइट, म्हणजे लोह आणि गंधक एकत्र. जमिनीखाली हवा लागत नाही तोवर ते गुमान पडून असते. फोडून वर आणलं, हवा आणि पाणी दोन्ही लागलं, की त्यातून गंधकाचं आम्ल सुटते आणि लोह पाण्यात विरघळते. वाटेत चुनखडीचा दगड लागला तर आम्ल तिथेच मरते. म्हणून पीएच सात-साडेसात दिसू शकतो. पण आम्ल मेलं तरी त्यातलं सल्फेट, म्हणजे गंधकाचा क्षार, पाण्यातच राहते, आणि चुनखडी विरघळून पाणी आणखी जड होते. साहेबांचा साडेसात खरा होता, आणि आमची डाळ शिजत नव्हती तेही खरं होतं. पीएच चांगला म्हणून पाणी चांगलं, असं कुणी म्हटलं तर ऐकून घ्या आणि पुढचं तपासा.

बाटली भरायच्या आधी नाला पाहा

एक सकाळ नुसतं पाहण्यात घालवा. नाल्याच्या तळाशी, दगडांवर, झाडांच्या मुळांवर गेरूसारखा नारिंगी गाळ बसला आहे का? तो विरघळलेल्या लोहाचा गंज. झऱ्यातून निघताना पाणी स्वच्छ दिसते, हवा लागली की पन्नास पावलांवर लाल होते. उन्हाळ्यात काठाच्या मातीवर पांढरा-पिवळसर फुलोरा येतो का, तेही बघा. ते क्षार असतात, पाणी उडून गेल्यावर मागे उरलेले.

कधी पाण्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग दिसतो आणि लोक ओरडतात, डिझेल सोडलं. काडी घ्या आणि तवंगात फिरवा. काचेसारखे तुकडे होऊन ते तसेच वेगळे राहिले तर ती लोहावर जगणाऱ्या जीवाणूंची साय. काडी काढल्याबरोबर परत जुळून आलं तर तेल. ही एक काडी मला किटपेक्षा जास्त वेळा कामी आली आहे. तेल नसताना तेल म्हणून तक्रार केली की पुढची खरी तक्रारही कुणी वाचत नाही.

पाण्यातले दोन-चार दगड उलटे करा. चांगल्या नाल्यात दगडाखाली किडे चिकटलेले असतात, गोगलगायी असतात, खेकडा पळतो. खदानीच्या वर ते असतील आणि खाली दगड नुसताच बुळबुळीत असेल, तर लिहून ठेवा.

एक मात्र ध्यानात असू द्या, सगळा दोष खदानीचा नसतो. आपल्या जिल्ह्यात बऱ्याच बोअरवेलच्या पाण्यात फ्लोराइड आहे. ते खडकातून येते, खदान नसलेल्या गावातही. लोहही काही विहिरींत आपसूक असते. म्हणून वरचं पाणी तपासल्याशिवाय बोलायचं नाही.

एकटी बाटली काही बोलत नाही

या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं धरून ठेवा. खदानीच्या खालचं पाणी एकटं तपासून काही सिद्ध होत नाही. समोरचा म्हणते, "तुमच्या भागाचं पाणीच असं आहे." त्याला उत्तर एकच : त्याच दिवशी, त्याच नाल्याचं, खदानीच्या वरचं पाणी.

तीन जागा ठरवा आणि दर वेळी त्याच ठेवा. एक, खदानीचं पाणी मिसळायच्या आधी, वरच्या अंगाला. दोन, जिथून खदानीचं पाणी बाहेर पडते तिथे. तीन, दोन्ही पाणी नीट मिसळल्यावर, म्हणजे एखादं वळण घेऊन शंभर-दोनशे पावलं खाली. आमच्या तीन जागांवर एक मोहाचं झाड, एक सिमेंटचा पाइप आणि एक रपटा, म्हणजे नाल्यावरचा बुटका पूल, आहे. अंधारातही चुकत नाही.

भरताना खालून वर जा. आधी तीन नंबर, मग दोन, मग एक. वरून खाली आलात तर तुमच्याच पायांनी गढूळ झालेलं पाणी तुमच्या पुढच्या बाटलीत येते. आम्ही पहिलं वर्ष उलटंच करत होतो.

वेळ कोणती? मे अखेर नाला आटून बारीक धार उरते तेव्हा एकदा. मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसाला एकदा, आणि हा नमुना सगळ्यात महत्त्वाचा. उन्हाळाभर ढिगाऱ्यावर साचलेले क्षार पहिल्या पाण्यात एकदम धुऊन येतात. पोळ्याच्या आसपास पाणी भरपूर असते, तेव्हा आकडे सौम्य येतात. नेमके तेव्हाच तपासणीवाले फिरतात, हा योगायोग असेल. एकदा दिवाळीनंतर घ्या. वर्षाचे चार नमुने आणि तीन जागा, झाल्या बारा बाटल्या. कामाच्या दिवसांत तेवढं जमते.

बाटली प्रयोगशाळेतून आणा. नाहीच मिळाली तर नवी, फक्त पिण्याच्या पाण्याची घ्या. कोल्ड्रिंकची नको, रॉकेलची नको, फवारणीच्या औषधाची तर अजिबात नको. नाल्यात वाहत्या पाण्याकडे तोंड करून उभ्या राहा, बाटली पुढे धरा, म्हणजे पाणी आधी बाटलीला भेटते, मग पायाला. त्याच पाण्यानं तीनदा विसळा, विसळलेलं पाणी मागे टाका. मग वीतभर खाली बुडवून भरा. वरची साय नको, तळाचा गाळ नको. रासायनिक तपासणीला दोन लिटर लागते. जंतूंसाठी प्रयोगशाळेची निर्जंतुक बाटली वेगळी असते, ती विसळायची नाही. लोह-मँगनीज काढायचं असेल तर तिसरी बाटली मागा, त्यात ते आम्लाचे थेंब टाकून देतात. ते का, तर नाही टाकलं तर लोह रस्त्यातच गंजून बाटलीच्या बुडाशी बसते आणि रिपोर्टमध्ये कमी दिसते.

बाटलीवर लेबल आधी चिकटवा, ओल्या बाटलीवर चिकटत नाही. गाव, जागा, तारीख, वेळ, आदल्या दिवशी पाऊस होता का, भरणाऱ्याचं नाव. फोटो जीपीएस कॅमेऱ्यानं काढा, तारीख आणि जागा फोटोवरच छापून येते. बाटल्या थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून त्याच दिवशी पोचवा. माझ्या एका बाटलीनं तीन दिवस एसटीच्या पार्सलमध्ये काढले होते. तिचा रिपोर्ट मी आजपर्यंत कुणाला दाखवला नाही.

दोन नंबरच्या जागेवर पाइप असेल तर एक बादली घेऊन जा. पंधरा लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते मोबाइलवर बघा. आमची पाच सेकंदांत भरली. म्हणजे सेकंदाला तीन लिटर, तासाला १०,८००, दिवसाला २,५९,२०० लिटर. "थोडंसं पाणी झिरपते" म्हणणाऱ्याला हा हिशेब दाखवायचा.

किटमध्ये काय दिसते, काय नाही

पीएच तिथेच नाल्यावर काढा, घरी आणल्यावर बदलतो. पिण्याच्या पाण्याला ६.५ ते ८.५ चालतो. किट नसेल तर जास्वंदीचं फूल पांढऱ्या कागदावर चोळा, वाळू द्या आणि त्यावर थेंब टाका. आम्ल असेल तर गुलाबी-लाल, अल्कली असेल तर हिरवट. हळदीचा कागद इथे कामाचा नाही, ती अल्कलीला लाल होते, आम्लाला काहीच सांगत नाही.

जडपणाची तपासणी मला सगळ्यात आवडते. नळीत मापानं पाणी घ्यायचं, बफरचे थेंब, मग दर्शकाची चिमूट. रंग बीटाच्या पाण्यासारखा होतो. आता दुसऱ्या बाटलीतून एकेक थेंब टाकायचा, हलवायचं, मोजायचं. घाई नाही. रंग आधी जांभळा होतो, तिथे थांबायचं नाही. लालीचा शेवटचा अंश गेला आणि कपड्याला लावतो त्या निळीच्या पाण्यासारखा निळा आला की थांबा. एका थेंबाचे किती धरायचे ते पुस्तिकेत लिहिलेलं असते, आमच्या किटमध्ये लिटरमागे २५ मिलिग्रॅम. मोहाजवळच्या पाण्याला अकरा थेंब लागले. रपट्याखालच्या पाण्याला मी मोजत गेली, वीस झाले, तीस झाले, बाजूला बसलेली माझी जाऊ म्हणाली, "काऊन वं, बाटली खाली करतं काय?" अडतिसाव्या थेंबाला निळं झालं. वर २७५, खाली ९५०. पर्यायी स्रोत नसेल तरी ६०० च्या वर पिऊ नये असं मानक आहे. त्या दिवशी मला कळलं की डाळ का शिजत नाही.

लोहाला लिटरमागे १ मिलिग्रॅमची मर्यादा आहे. किट संपलं असेल तर हिरड्याची पूड पाण्यात कालवून गाळून घ्या आणि ते पाणी तपासायच्या पाण्यात टाका. निळसर काळं झालं तर लोह आहे. जुन्या काळी शाई अशीच करत. चहा काळाकुट्ट होणं हेही तेच. आकडा मिळत नाही, पण कुठे बाटली भरायची ते कळते.

किटमध्ये सल्फेट नाही. मँगनीजही नाही. कोळसा खदानीच्या खाली नेमकं सल्फेटच बघायचं असते, आणि भंडारा-नागपूरकडे मँगनीजच्या खदानी आहेत त्या गावांनी मँगनीज. म्हणून प्रयोगशाळेच्या अर्जावर स्वतःच्या हातानं लिहा : सल्फेट, विरघळलेले एकूण क्षार, एकूण कठीणपणा (म्हणजे जडपणा), लोह, मँगनीज. नाही लिहिलं तर नेहमीचेच आकडे येतात. मर्यादा अशा : सल्फेट २००, दुसरा स्रोत नसेल तर ४००. क्षार ५०० आणि २०००. मँगनीज ०.१ आणि ०.३. सगळे लिटरमागे मिलिग्रॅम. आपलं गाव कोणत्या प्रयोगशाळेला जोडलंय ते पंचायत समितीत किंवा जलसुरक्षकाला विचारा.

तोवर घरी काय

उकळून जंतू मरतात, सल्फेट मरत नाही. पाणी आटते आणि क्षार वाढतात. तुरटी फिरवू नका. तुरटी स्वतःच सल्फेट आहे, वर पीएच आणखी खाली आणते. गढूळ पाण्याला ती ठीक, या पाण्याला नाही. आणि नाल्यात चुन्याची पोती ओतू नका. आमच्याकडे एकदा पाहणीच्या आदल्या रात्री कुणीतरी ओतली, सकाळी मासोळ्या पांढऱ्या होऊन तरंगत होत्या. कुणी ओतली ते शेवटपर्यंत कळलं नाही.

नुसतं लोह जास्त असेल तर उपाय सोपा आहे. पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात उंचावरून आठ-दहा वेळा ओता, रात्रभर झाकून ठेवा, सकाळी तळ न हलवता वरचं पाणी दुहेरी कापडातून आणि वाळूतून गाळा. पीएच सातच्या आसपास असेल तर चांगलं उतरते. मँगनीज असं सहज निघत नाही. सल्फेटला आरओ किंवा दुसरी विहीर. गावच्या आरओचं टाकाऊ पाणी कुठे जाते तेही एकदा पाहा, आमचं दोन वर्षं त्याच नाल्यात जात होतं.

ढोरांना सवय नसताना असं पाणी एकदम पाजलं तर हगवण लागते, वासरांना आधी. वरच्या अंगाला पाजून घेता आलं तर बरं.

कुणाला दाखवायचं

आपण भरलेली बाटली कोर्टात पुरावा होत नाही, हे आधी समजून घ्या, म्हणजे निराशा होत नाही. १९७४ च्या जल कायद्याच्या कलम २१ मध्ये नमुना कसा घ्यायचा ते दिलं आहे, आणि तसा प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्यानं घेतलेला नमुनाच चालतो. आपल्या बाटलीचं काम त्या अधिकाऱ्याला योग्य दिवशी, योग्य जागी उभं करणं. तक्रारीत म्हणून सरळ लिहा : अमुक तीन जागी, पहिल्या पावसात नमुना घ्यावा.

तक्रार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या चंद्रपूर कार्यालयाला, प्रत जिल्हाधिकारी आणि गटविकास अधिकाऱ्यांना. सोबत ग्रामसभेचा ठराव, वर-खालच्या आकड्यांचा एका पानाचा तक्ता, चार फोटो. दहा पानं लिहू नका. आमचा पहिला अर्ज अकरा पानांचा होता, त्यात बैल कसा मेला तेही होतं. पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका, पोचेवर शिक्का आणि तारीख दोन्ही पाहिजेत.

माहितीच्या अधिकारात दोन गोष्टी मागा : त्या खदानीचा क्लोजर प्लॅन, म्हणजे खदान बंद करायचा आराखडा, आणि पाणी तपासणीचे आजवरचे अहवाल. कोळसा खदानींच्या बंद करण्याच्या खर्चाचे पैसे बँकेच्या वेगळ्या खात्यात ठेवायचे, हा नियम कोळसा मंत्रालयानं २००९ मध्ये घातला. त्या खात्याचंही विचारा. राज्याच्या कार्यालयाला अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, केंद्राच्या कार्यालयाला पोस्टल ऑर्डर. उत्तर ३० दिवसांत यायला पाहिजे.

पिण्याच्या पाण्याच्या सोयीसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे मागणी वेगळी करा. हा खनिजाच्या रॉयल्टीसोबत जमा होणारा पैसा, २०१५ पासूनचा, आणि पिण्याचं पाणी त्याच्या वरच्या प्राधान्यात आहे. दोष कुणाचा हे ठरायची वाट इथे पाहावी लागत नाही. म्हणून दोन्ही अर्ज एकात घालू नका, नाहीतर एक अडला की दुसराही अडतो. आमचे असे आठ महिने गेले.

आता जिवाचं. एकटी जाऊ नका. ढिगाऱ्यांच्या बाभळीत रानडुकरं आहेत आणि आपल्या जिल्ह्यात वाघही तिथेच बसतो. उन्हं चांगली वर आल्यावर, चार जणींनी, बोलत-बोलत जायचं. खड्ड्याच्या काठावर उभं राहून पाणी काढायचं नाही, काठ आतून पोखरलेला असतो आणि दोन पावलांवर खोली किती ते कुणाला माहीत नसते. बंद इनक्लाइनच्या तोंडात डोकंही घालू नका, आतल्या हवेत प्राणवायू कमी असतो आणि ते नाकाला कळत नाही.

दुसऱ्या वेळी तेच साहेब आले. मी वही पुढे केली, त्यांनी पानं उलटली, मग गाडीतून आपली बाटली काढली आणि स्वतः मोहाकडे चालायला लागले. मी म्हटलं, "साहेब, आधी रपटा. खालून वर." ते थांबले, वळले आणि रपट्याकडे गेले.

त्यांचा रिपोर्ट यायचा आहे. आमच्या पुढच्या बाटल्या मृगाच्या पहिल्या सरीला. बारा धुऊन पडवीत उलट्या टांगल्या आहेत, झाकणं वेगळ्या पिशवीत.